खाटेवरून जोडून घेतलेला कम्प्युटर

हेमंत,

तेरवी आटोपली. पाहुणे गेले, मांडव निघाला. सुरेशही आमच्या परीला घेऊन आमगावला परतला, तिची शाळा आहे. घरात आता माय, बाबूजी अन् मी. लोक अजून येतात. ओसरीवर बसतात आणि म्हणतात, "सुटला बिचारा." मला सांगावंसं वाटतं, की सुटायचं तू कधी म्हटलंच नव्हतंस. पण मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते. तुझ्यासाठी भांडायचं तर कोणाशी, हेच कळत नाही.

त्या सगळ्यांना तुझा आजार तेवढा माहीत. सिकलसेलचा पोरगा. फुलचूरमध्ये आपल्या घराचा पत्ता सांगतानाही लोक तसंच सांगायचे. मला तो शब्द कळायच्या कितीतरी आधी तुझं दुखणं कळलं होतं. थंडी पडली की तुझे हातपाय धरायचे. तू भिंतीकडे तोंड करून पडायचास आणि मी, तुझी मोठी बहीण, तुझी 'बाई', तुझ्या पिंडऱ्या दाबत बसायचे. दाबल्यानं काही होत नाही हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी तू कधी "राहू दे" म्हणाला नाहीस. मला काहीतरी करायला मिळावं म्हणून तू दाबू देत होतास, असं आता वाटतं.

पॉलिटेक्निकचं तुझं वर्ष गेलं ते अशाच एका हिवाळ्यात. हजेरी भरली नाही. तू घरी बसलास आणि मग एक दिवस जेवता जेवता जाहीर केलंस, की मी घरी कम्प्युटर जोडतो.

बाबूजींनी घास तसाच हातात धरला. "जोडतो म्हणजे? तयार नाही भेटत काय बजारात?"

"तयार आणला तं तो चालते कसा, हे कसं समजन मले?"

"चालला म्हणजे झालं. बैल आणतो तं पोट फाडून पाहतो काय आपण?"

"बैल बंद पडला तं फाडून चालू करता नाही येत, बाबूजी. हा बंद पडला तं मी खोलून पाहीन."

बाबूजींनी हातातला घास तोंडात घातला. मी त्यांना ओळखते, त्यांना ते उत्तर आवडलं होतं. त्या वर्षी धान बरा झाला होता, हेही होतं.

मी तेव्हा नागपूरला बी.एड. करत होते. म्हणून सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. तू फोनवर एकेका वस्तूचं नाव सांगायचास, मी ते पाठ करत सीताबर्डीला जायचे आणि दुकानदारासमोर कविता म्हणावी तसं म्हणून टाकायचे. त्यानं पुढे काही विचारलं की संपलं. "कौनसा सॉकेट, मॅडम?" मग परत एसटीडी बूथ, परत तू. दर सुट्टीत एक वस्तू घरी आली. रॅम आली, हार्ड डिस्क आली, की-बोर्ड आला. मदरबोर्ड मी पॅसेंजरमध्ये मांडीवर ठेवून आणला. शेजारच्या बाईनं विचारलं, "इतकं जपून काय नेऊन राहिल्या, बाई?" मी सांगितलं, कम्प्युटरचा मदरबोर्ड आहे. ती म्हणाली, "मदर म्हणजे माय नं?" घरी येऊन तुला हे सांगितलं आणि तू त्याचं नाव मायबोर्ड ठेवलंस. पुढे गिऱ्हाइकांसमोरसुद्धा तू तेच म्हणायचास आणि ते गोंधळून माझ्याकडे पाहायचे.

सगळं जमलं. रविवार ठरला. लोडशेडिंगची वेळ पाहून तू सकाळ धरलीस. माईनं शिलाई मशीन बाजूला सरकवून टेबल मोकळा केला, त्यावर जुनी चादर घातली. आणि त्या सकाळी तू उठलाच नाहीस. बोटं सुजून आली होती, मनगटं वाकत नव्हती, पाठीत कळा. माय मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी करू.

"पुढच्या रविवारी तू नागपूरले राहशीन," तू म्हणालास. "तूच जोड. मी सांगतो."

"मले काय येते त्यातलं?"

"हात येतात नं? बस."

खाट टेबलाजवळ ओढली. तुला उशीला टेकवून बसवलं. सगळ्यात आधी तू मला माझी ओढणी काढून ठेवायला लावलीस, नायलॉनची होती म्हणून. मग म्हणालास, "खिडकीची सळई धर. अंगातला करंट जाऊ दे." मला ते पूजेला बसण्याआधी हातपाय धुतात तसं वाटलं. कॅबिनेट आडवं ठेवलं. पितळेचे बारके ठोकळे बसवले, त्यावर मायबोर्ड, त्याला स्क्रू. प्रोसेसर हातात घेतला तर त्याच्या पोटाखाली केसांसारख्या पिना. मी तो दोन बोटांत कडेनं धरला.

"एक कोपरा कापल्यासारखा दिसते काय?"

"दिसते."

"खाली सॉकेटवरबी तसाच कोपरा आहे. त्याच्यावर तो ठेव. दाबू नको. आपल्या मनानं जाईन खाली."

आणि तो खरंच आपल्या मनानं खाली गेला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून हसत होतास.

मग पंखा. मग रॅम. तू म्हणालास, दाब. मी म्हटलं, मोडन. तू म्हणालास, "अवं, प्रोसेसरले दाबाचं नाही, याले दाबाचं. जोरानं." दोन्हीकडचे कान कट्ट करून बंद झाले आणि माय दचकली. मग त्या चपट्या रुंद पट्ट्या, त्यांची लाल कड कोणत्या बाजूला, ते तू सांगत होतास. तुझी वाक्यं मध्येच तुटायला लागली होती. "ती लाल..." असं म्हणून तू थांबायचास, ओठ आवळायचास, आणि मी वायर हातात धरून उभी. वायर सोडून तुझा हात धरावा, की ती तशीच धरून ठेवावी, मला कळायचं नाही. कळ ओसरली की तू पुढचा शब्द बोलायचास, जसं काही मध्ये घडलंच नव्हतं. "...कड पॉवरच्या तारेकडे."

दुपार होता होता जोडणं झालं. बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, बाबूजींनी "अरे वा" म्हटलं. पण पडदा काळाच.

"चालू होतानाची बारीक शिट्टी वाजली काय?" तू विचारलंस.

"नाही."

"परत लाव."

परत लावला. पंखा फिरे, दिवा लागे, पडदा काळा. तुझ्या कपाळावर घाम होता, आणि तो यंत्राच्या काळजीचा नव्हता. छातीत लागतंय म्हणालास. बाबूजी ऑटो आणायला धावले. आपण तुला गोंदियाला दवाखान्यात नेलं आणि तो कम्प्युटर पोट उघडा ठेवून टेबलावर तसाच राहिला. माईनं जाता जाता त्याच्यावर आपलं लुगडं टाकलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. तू बरेच दिवस नुसता छताकडे पाहत होतास. डॉक्टर विचारायचे, कसं वाटते, तू म्हणायचास, ठीक. एका दुपारी मी संत्रं सोलत होते आणि तू एकदम म्हणालास, "बाई, चार तारांचा एक लहान चौकोनी प्लग होता. पिवळ्या अन् काळ्या तारा. तो कुठं लावला?"

"तो? तो उरला होता. मी मागं खोचून ठेवला."

"उरला होता?" तू हसायलाच लागलास. "अवं, तोच त्या प्रोसेसरले करंट देते! उपाशी ठेवला तू त्याले!" हसण्यानं तुझ्या बरगड्या दुखल्या, नर्स ओरडली, आणि तरी तू हसत होतास. "जा घरी. लाव तो. अन् चालू होते काय, पाहून ये."

मी घरी गेले. लुगडं उचललं, प्रोसेसरच्या शेजारी तशीच चौकोनी खाच सापडली, प्लग लावला. बटण दाबलं नाही. लुगडं परत टाकलं आणि दवाखान्यात आले.

तुला किती राग आला! "काऊन नाही लावला चालू?"

"तू घरी आल्यावर लावू."

"अन् मी नसतो आलो तं?"

माय शेजारी होती. तिनं तुझ्या तोंडावर हात ठेवला.

हा वाद आपण पुढे कितीदा घातला. तू म्हणायचास, बाई भेली होती, पडदा पुन्हा काळा दिसला असता म्हणून. मी म्हणायचे, मी तुझ्यासाठी थांबले होते. भाऊबीजेला, राखीला, परीच्या बारशाला, कुठंही तू हे काढायचास आणि सुरेशला पंच करायचास. त्याचा निकाल लागलाच नाही. मला वाटतं दोन्ही खरं होतं. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, असं नाही चालत, एक काहीतरी सांग.

घरी आल्यावर बटण तूच दाबलंस, बोटाच्या पेरानं, कारण बोट अजून सरळ होत नव्हतं. शिट्टी वाजली. पडदा उजळला, पांढरी अक्षरं भराभर वर सरकली. माय कॅबिनेटला हळदकुंकू लावायला आली तर तू ओरडलास, "माय, कुंकू पंख्यात नको जाऊ देऊ!"

त्यानंतर तू पॉलिटेक्निकला परत गेला नाहीस. घरातच काम सुरू झालं. आधी राइस मिलवाल्याचा बंद पडलेला आला, मग शाळांचे आले. दरेकसाहून एक गुरुजी रेल्वेनं कॅबिनेट पोत्यात घालून आणायचे आणि दुरुस्ती होईपर्यंत माईशी धानाच्या रोवणीच्या गोष्टी करत बसायचे. लोक "हेमंतभाऊ" म्हणायला लागले. पत्ता सांगतानाही आता कम्प्युटरवाल्याचं घर म्हणायचे. अंगात जोर असला की तू जमिनीवर बसून करायचास, नसला की खाटेवर पालथा पडून. मी सुट्टीत आले की स्क्रू माझ्याकडे.

पण त्याच कम्प्युटरनं तुला दुसरंही काही दिलं, हेमंत. फोनच्या तारेवरचं इंटरनेट घेतलंस तेव्हा मी घरीच होते. तू पहिल्यांदा स्वतःचा आजार शोधलास. तोपर्यंत आपल्याला इतकंच सांगितलेलं, पाणी जास्त प्या, थंडीत जपा, गोळ्या चुकवू नका. तू इंग्रजीतलं ते पान हळूहळू वाचत होतास, मी मागे उभी राहून तुझ्या खांद्यावरून. आईबाप दोघंही वाहक असले तर काय होतं, ते चित्र काढून दाखवलं होतं. खाली, असे रोगी साधारण किती जगतात, ते होतं. मी तुझ्याआधी तिथं पोचले. तुझी नजर तिथं येईपर्यंत मला काय करता आलं असतं? हात धरून पडदा झाकता आला नाही. तू वाचलंस. मग मॉनिटरचं बटण बंद केलंस, फक्त मॉनिटरचं. आत कम्प्युटर चालूच होता, त्याचा पंखा ऐकू येत होता. तू म्हणालास, "चहा मांड, बाई." मी चहा मांडला. त्या पानाबद्दल आपण एकमेकांशी कधीच बोललो नाही.

बोललास ते तिरोड्याकडचे पाहुणे मला पाहायला आले तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, मुलाचे मामा शेतीबद्दल बोलत होते. तू कोपऱ्यातल्या टेबलापाशी होतास. तिथूनच मुलाला विचारलंस, "तुमची सिकलसेलची तपासणी झाली काय?"

मामांनी कप खाली ठेवला. "आमच्या घरी असे रोग नाहीत."

"रोग नाही म्हणत मी. वाहक असू शकते माणूस, त्याले काहीच होत नाही. बाई वाहक आहे, तपासून घेतलं आम्ही. म्हणून विचारलं."

बाबूजींचं तोंड उतरलं. पाहुणे उठले, आणि पुन्हा निरोपसुद्धा आला नाही. मी तुझ्यावर चिडले. म्हटलं, "तुले कोणी विचारलं होतं मधात बोलाले?"

तू शांतपणे म्हणालास, "माय-बाबूजीले कोणी विचारलं नव्हतं, बाई. म्हणून तं मी आहो असा."

माय दारात उभी होती. तिच्या हातात पोह्यांच्या रिकाम्या बशा होत्या. तू तिला पाहिलंस आणि तुझा चेहराच पडला. तू उठून तिच्याकडे गेलास, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, पण तिनं बशा मोरीत नेऊन ठेवल्या आणि नळ सोडला. नंतरही ती ते कधी बोलली नाही. तू तिच्याभोवती कित्येक दिवस घोटाळत होतास, तिला पडद्यावर देवांची चित्रं दाखवत होतास. ती पाहायची आणि म्हणायची, छान आहे.

सुरेश मात्र लग्नाआधी स्वतःहून तपासणी करून आला, त्याला दोष नव्हता. परी धडधाकट आहे. थंडीत फ्रॉकवर हिंडते, मी ओरडते, तिला काही होत नाही. ती पळताना दिसली की मला तू टेबलापाशी बसलेला दिसतोस, पाहुण्यांना प्रश्न विचारणारा. हे तुला सांगायचं होतं. दर राखीला वाटायचं, या वेळी सांगू, आणि आपण त्या प्लगवरून भांडत बसायचो.

या हिवाळ्यात फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बाबूजी म्हणाले, "ये." एवढंच. पोचले तर तू ऑक्सिजनवर. छातीत पाणी म्हणाले की काय म्हणाले, नीट आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला हलवा, उशीर करू नका. ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझ्याजवळ बसले, बाबूजी पुढे. भर दुपारचं ऊन होतं. साकोली मागे पडली आणि तू माझ्या मनगटाला धरून काहीतरी बोललास. मास्कच्या आत. वाफ धरली त्याच्यावर, ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. मी वाकले. तू परत बोललास. मी मास्ककडे हात नेला तर सोबतचा माणूस म्हणाला, "मास्क मत निकालो, मॅडम, प्लीज." त्याचं बरोबर होतं. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "बोलू नको, रे. नागपूरले पोचू दे, मग बोल." तू डोळ्यांनी हो म्हणालास. तू इतकं ऐकणारा कधीच नव्हतास.

नागपूर आलं नाही.

काय म्हणालास, हेमंत? रोज वेगळं सुचतं मला. कधी वाटतं पाणी मागितलं असशील. कधी वाटतं थंडी वाजते म्हणालास आणि माझ्या अंगावर शाल होती. बाबूजींनी विचारलं, काही बोलला काय? मी नाही म्हटलं.

टेबलावर एक कम्प्युटर अर्धा जोडून ठेवला होतास. चिचगडच्या भोजराजचा. तिथं त्याचं झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान आहे, त्यासाठी नवा. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी तू मायबोर्ड बसवलास, प्रोसेसर लावलास आणि दम लागला म्हणून उठलास, असं माय सांगते. स्क्रू वाटीत तसेच होते. तेरवीनंतर माझ्या मनात आलं, आपण पुरा करू. हात येतात नं.

सकाळी उजेडात बसले. ओढणी काढली, सळई धरली. रॅम लावायला घेतली. ती बसली, दोन्ही कान कट्ट झाले, मला केवढा आनंद झाला. पण पुढे काही ओळखीचं दिसेना. त्या रुंद चपट्या पट्ट्या आता नसतात. त्यांच्या जागी बारीक लाल वायरी, त्यांची तोंडं वेगळी. प्रोसेसरजवळचा प्लगही चार तारांचा नाही, मोठा. कॅबिनेटच्या बटणांच्या तारा कुठं जातात, ते त्या बोर्डावर इतकं बारीक लिहिलेलं, की वाचता येईना. मी एक वायर हातात धरली आणि खाटेकडे पाहिलं. गादी गुंडाळून ठेवलेली. मला वाटायचं, मला कम्प्युटर जोडता येतो. मला फक्त तुझं ऐकता येत होतं.

भोजराज दुपारी आला. संकोचून ओसरीवरच उभा राहिला. मी म्हटलं, "नाही झाला माझ्यानं."

"राहू द्या नं, बाई. काऊन त्रास करून घेता? गोंदियात कोणीबी करून देईन."

कोणीबी. त्याच्या मनात काही नव्हतं, तो रडवेला झाला होता. मी त्याला कॅबिनेट दिलं, स्क्रू पुडीत बांधून दिले. त्यानं ते मोटरसायकलला दोरीनं बांधलं, मध्ये आपलं स्वेटर घातलं, धक्का लागू नये म्हणून. बाबूजी फाटकापर्यंत गेले. टेबल रिकामा झाला आणि माईनं त्याच्यावरची चादर काढून धुवायला घेतली.

काल त्याचा फोन आला. मागे ग्राहकांची गडबड ऐकू येत होती. म्हणाला, "बाई, चालू झाला. मस्त चालते. म्हटलं तुमाले सांगून द्यावं."

माय धान पाखडत होती. मी तिला म्हटलं, "माय, भोजराजचा कम्प्युटर चालू झाला."

"बरं झालं," ती म्हणाली, सूप हलवता हलवता. "हेमंतले सांग."

मग सूप थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं सूप परत हलायला लागलं.

म्हणून सांगते. चालू झाला, रे.

बाई